झिजलेली टाच

चपला दुरुस्तीला दिल्या की धोंडिबा आधी त्या उलट्या करून बघतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते कित्येक वर्षं बसतात. काल माझ्या चपलांचे तळ न्याहाळत ते म्हणाले, “डावी टाच पार झिजलीय, उजवी आहे तशीच. उजव्या पायावर भार देत नाही तुम्ही.”

खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून माझा उजवा घोटा मोडला. हाड कधीच जुळलं, पण लंगडण्याची सवय काही सुटली नाही. उजव्या पायाला मी जपतो आणि त्याच्या वाट्याचं ओझं डावा गुडघा मुकाट्याने वाहतो. आता जिना चढताना कुरकुरतो तो डावाच. ज्याला लागलं त्याचे लाड होतात, झिजणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मग धोंडिबांनी पिशवीतली दुसरी जोडी काढली.

“वहिनींच्या ना या? त्यांच्याही पायाला लागलं होतं का? या पण एकाच अंगाला झिजल्यात.”

“छे! ती तर ठणठणीत आहे.”

संध्याकाळी आम्ही दोघं नेहमीसारखे फिरायला निघालो. ती नेहमीसारखी माझ्या उजवीकडे. आज मी तिच्या पावलांकडे बघत चाललो. माझा उजवा पाय पडला, की ती किंचित माझ्याकडे झुकायची, खांदा पुढे करायची. बोलणं मात्र मेथीच्या भाजीचं चाललेलं.

“खाली काय बघतोयस?” तिने विचारलं.

“काही नाही,” म्हणालो, आणि उजवी टाच हळूच, पण पुरती टेकवली.