चार बोटं खाली

मोटारीच्या दिव्यांचा रोख जुळवण्याआधी चाचा ड्रायव्हरला खाली उतरवायचे आणि भिंतीपाशी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसवायचे, तोंड मोटारीकडे. मग स्वतः आत बसून दिवे पूर्ण पेटवायचे. ड्रायव्हर डोळ्यांवर हात धरून शिव्या हासडायचा. आतून चाचा विचारायचे, "आता तू बैलगाडीवाला हायेस. सांग, रस्ता दिसते का?" तो "नाही दिसत" म्हणेपर्यंत चाचा स्क्रूड्रायव्हर हातात घेत नसत.

कारंज्यात त्यांचं बॅटरी, हॉर्न, डायनॅमोचं छोटं दुकान होतं. दुकानाशेजारी चुन्यानं पांढरी केलेली एक भिंत होती आणि तिच्यापासून दहा पावलांवर पुरलेल्या विटांची ओळ. पुढची चाकं त्या विटांवर आली की चाचा दिव्याच्या उंचीची रेघ कोळशानं भिंतीवर ओढत आणि चार बोटं खाली दुसरी. उजेड खालच्या रेघेवर बसला पाहिजे. हे काम फक्त दिवेलागणीला. दुपारी कोणी आलं तर म्हणत, "सूर्यापुढं काय दाखवतं बाबू? संध्याकायी ये."

समोरच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना मात्र त्यांच्यापासून सुटका नसे. मागं वजन बसलं की मोटारीचं नाक वर होतं आणि दिवेही वर जातात, म्हणून चाचा तिघाचौघांना उठवून मागच्या सीटवर कोंबत. "चाचा, चहा थंडा होऊन राह्यला ना!" कोणी कुरकुरलं तर उत्तर तयार, "होऊ दे. तुह्या वजनाचा गावाले पह्यल्यांदाच उपेग होऊन राह्यला."

मी तेव्हा एका कापूस व्यापाऱ्याची जीप चालवत होतो. मूळचा इंझोरीचा. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा मी पहिलाच, त्यामुळं शेठजींनी नुसता घसा खाकरला तरी मी जीपचा वेग कमी करायचो. चाचांनी जीपचे दिवे जुळवून दिले, त्याच आठवड्यात शेठजी म्हणाले, "काय रे, तुहे दिवे रस्त्यावरच्या मुंग्या मोजून राह्यले का? दूरचं काईच दिसत नाही." चाचांनी जुळवलेत, असं मी सांगायला हवं होतं. मी "जी" म्हणालो. दुसऱ्या दिवशी दिव्यांच्या वरच्या स्क्रूची मूळ जागा खिळ्यानं खूण करून ठेवली आणि दिवे वर घेतले. शेठजी खूश झाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही धनजहून परतत होतो. बाजारची एक बैलगाडी समोरून आली. मी डिपर दिला, पण दिवेच आभाळाकडं वळवल्यावर डिपर काय करणार? बैल बुजले. गाडीचं एक चाक पुलाजवळ रस्त्याखाली गेलेलं मला दिसलं. शेठजी म्हणाले, "चाल, चाल." मी चाललो. सकाळी उठून पहिलं काम केलं ते स्क्रू परत खुणेवर आणण्याचं.

गाडीवाला धनजचा शेषराव होता. हात मोडला होता. तो गळ्यात झोळी बांधून चाचांच्या दुकानात आला. "हिरवी जीप होती. तुमच्या भिंतीवरून दिवे लावून गेलेली म्हणे. माह्या बैलाले अन् मले काईच दिसलं नाही." चाचांनी मला जीप घेऊन बोलावलं. विटांवर उभी केली. उजेड खालच्या रेघेवर, बरोबर.

"तू स्क्रूले हात लावला का?"

"नाही चाचा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तेच फार वाईट झालं. डब्यावर बसून बोटांवर मोजत म्हणाले, "जीप बरोबर हाय. शेषराव खोटं बोलून राह्यला नाही, त्याचा हात दिसते. तू बी खोटं बोलत नाहीस. मंग माही भिंतच खोटी."

पुढचे दोन महिने ते भिंतीचा खोटेपणा शोधत होते. विटा उकरून पुन्हा बसवल्या. पाण्याच्या नळीनं जमिनीची पातळी पाहिली, ओळंबा सोडून भिंत पाहिली. आधी जुळवलेल्या मोटारी एकेक करून परत बोलावल्या. केनवडचा एक ट्रॅक्टरवाला हसून म्हणाला, "चाचा, दिवे हायेत का नवरीचं कुंकू? कितीदा लावता?" चाचा हसले नाहीत. चूक सापडत नव्हती. सापडली असती तर त्यांनी ती दुरुस्त करून टाकली असती.

मग एके दिवशी त्यांनी भिंतीवर चुना फिरवला. रेघा गेल्या. त्यानंतर हॉर्न, बॅटरी सगळं करत. दिव्यांचं विचारलं की "आपल्याले नाही जमत ते," एवढंच. मी त्यांच्या दुकानावरून रोज जात होतो. कितीदा तरी वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला.

आठ वर्षं गेली. ती नोकरी सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ते बाजेवर बसले होते. बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, शेठजींचं, खिळ्याच्या खुणेचं, "नाही चाचा"चं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर चाललं असतं.

"शेषरावले सांगतलं?"

"नाही."

"हात त्याचा मोडला अन् तू मले सांगून राह्यला? पह्यले धनजले जा. चहा मंग पेशील."

त्याच दुपारी मी धनजला गेलो. शेषराव काय बोलला ते मी इथं लिहीत नाही. मी ऐकून घ्यावं असंच होतं. पण त्याआधी, निघताना चाचांच्या दारात मी चपला घालत होतो तेव्हा ते बाजेवरून उठल्याचा आवाज आला. आतल्या पडद्याकडं जाऊन ते बायकोला सांगत होते, "सुनती क्या? दीवार सही थी. अपनी दीवार सही थी."