स्टेशनवर राहून गेलेला शब्द

मी जन्माची संशयी. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय पातेलं पुढं करत नाही. टँकरवाला आला की टाकी भरेपर्यंत तिथून हलत नाही. देवळात गेले तरी एक डोळा बाहेर काढलेल्या चपलेवर असतो. आमचे हे म्हणतात, "हिच्यापुढं खंडोबा उभा राहिला तर हिला आधी घोडा दाखवावा लागंल." अशा बाईनं देवाचा अनुभव लिहायला बसावं, याचं मलाच हसू येतं. म्हणून मी काही पटवून द्यायला जाणार नाही. घडलं तसं सांगते.

कारगिलची लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. आमचा नंदू फौजेत होता आणि त्याची पलटण तिकडंच वर कुठंतरी होती. कुठं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याच सुमारास आम्ही शहरातलं भाड्याचं घर सोडून शहराच्या कडेच्या सातारा भागात नवं घर बांधून राहायला आलो होतो. आता तिथं उंच इमारती झाल्यात, तेव्हा खडकाळ माळ होता. घरं भराभर उठत होती आणि पाणी कुठंच नव्हतं. आमच्या वस्तीपर्यंत ना नळ आला होता ना टेलिफोनची तार. जुन्या घरचा फोन आम्ही परत केला आणि तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी गेला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा नंबर नंदूला पत्रानं कळवला होता. पण त्याचं उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं नसणार. लढाई पेटलेली आणि पोराजवळ आमचा नंबरच नाही.

पण मला खरं खात होतं ते वेगळंच. मागच्या सुट्टीवरून तो परत निघाला तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. आमच्याकडं घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. लहानपणी तो शाळेला निघताना 'जातो' म्हणाला की मी त्याला उंबऱ्यातून परत बोलवायची आणि 'येतो' म्हणायला लावायची. त्या दिवशी गाडीला उशीर झालेला, गर्दी म्हणजे विचारू नका. सामान आत लोटता लोटता तो दारातून ओरडला, "आई, चल, जातो!" मी धावले, "येतो म्हण, नंदू, येतो म्हण," म्हणत डब्याबरोबर चालले, पण गाडीनं वेग घेतला. त्याला ऐकू गेलं नाही. नंतर लढाई सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तोच शब्द आला. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सून भारती आधीच जेवत नव्हती, तिला काय सांगणार?

जुन्या घरी होतो तेव्हापासून दर रविवारी मी साताऱ्याच्या खंडोबाला जायची. पण तेव्हा मी देवाशी भांडण धरलं होतं. पुजारी भंडारा लावायला आला की कपाळ मागं घ्यायची. आधी माझ्या लेकाची खबर दे, मग तुझी हळद, असा माझा हिशेब. तुझ्या दारात घर बांधलं आणि तुझ्याच दारात आल्यापासून पोराचा आवाज तुटला, हे कसं? देव खरंच आपल्या बाजूनं आहे का, याचा मला दाट संशय येऊ लागला होता.

अशाच एका रविवारी देवळाच्या पायरीशी एक सडपातळ, काळासावळा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना थांबवून काही विचारत होता. मी लांबूनच पदर सावरला आणि गळ्यातल्या पोतीवर हात ठेवला. तो माझ्यासमोर आला आणि हात जोडून म्हणाला, "माताजी, यहाँ कोई फौजी की माँ आती हैं? नंदू नाम है लड़के का."

पोतीवरचा माझा हात सुटला. पण तोंडातून निघालं ते असं, "तुमको किसने भेजा?"

तो गोरखपूरकडचा होता, रामदरस नावाचा. चिकलठाण्याला कारखान्यांच्या बाजूला त्याचं वेल्डिंगचं छोटं दुकान होतं. त्यानं नुकताच फोन घेतला होता आणि त्याला मिळालेला नंबर आमचा जुना नंबर होता. नंदूनं त्यावर फोन लावला, तो यानं उचलला. नंदूनं त्याला सांगितलं, नवं घर कुठं आहे ठाऊक नाही, पण खंडोबाच्या देवळाजवळ आहे आणि आई रविवारी तिथं येतेच. म्हणून हा माणूस दुकान बंद ठेवून सायकल मारत शहराच्या त्या टोकापासून या टोकाला आला होता. "ठीक हैं आपके बेटे," तो म्हणाला, "और बोले हैं, आ रहे हैं."

मी त्याची चांगली उलटतपासणी घेतली. आवाज कसा होता, भाषा कशी होती, घरात कोण कोण आहे ते सांगितलं का. त्यानं शांतपणे सगळी उत्तरं दिली, ती मला पटली नाहीत. लढाई सोडून कुणाला सुट्टी मिळते का? देवळात चार माणसांना विचारलं की नंदूचं नाव कुणीही सांगेल. घर हेरायला आलेला माणूस असाच गोड बोलतो. मी त्याला घराकडं नेलं नाही. देवळातल्या रांजणातलं पाणी तेवढं दिलं आणि वाटेला लावला.

घरी सांगितलं तर ह्यांना कोण आनंद! "अगं, येतोय म्हणला नं पोरगं! लई झालं." सगळ्या गल्लीला सांगून आले. भारती नव्या पडद्यांना शिलाई घालायला बसली. रिक्षा वाजली की तिचं मशीन थांबायचं, आणि रिक्षा पुढं गेली की परत चालू व्हायचं. माझं लक्ष बातम्यांकडं होतं. टीव्हीवर त्या दिवसांत जवान घरी येत होते. तिरंग्यात गुंडाळलेले. 'येतोय' म्हणजे तसं तर नाही? ही फौजेचीच काही पद्धत नसेल ना, आधी गोड माणूस पाठवायचा, मन तयार करायचं आणि मग खरं सांगायचं? हा विचार डोक्यात शिरला आणि निघेना. नंदू काही आला नाही. शेवटी भारतीनंच विचारलं, "आत्याबाई, तो माणूस खोटं तर बोलला नसंल?" तिच्या तोंडून माझाच संशय ऐकला आणि मला राहवेना. मी ह्यांना घेऊन चिकलठाण्याला गेले.

रामदरस लोखंडी खिडकीची जाळी जोडत होता. डोळ्यांपुढची वेल्डिंगची काळी काच बाजूला करून उठला. मी नमस्कारही घेतला नाही. "तुम बोले आनेवाला है. किदर आया?"

तो गोंधळला. "माताजी, हम तो वही बोले जो वो बोले. लाइन बार-बार कट रही थी. हम पूछे, माँ को और कुछ कहना है? बोले, माँ को इतना बोलना, अच्छा, आता हूँ. हम पूछे कब आ रहे हो, तब तक फोन कट गया."

"क्या बोला? फिर से बोलो."

"अच्छा, आता हूँ."

"जाताना बोला? फोन रखते टाइम?"

"हाँ. हम भी सोचे, लड़ाई में कैसे आएँगे. हमारे यहाँ तो फोन रखते समय 'चलता हूँ' बोलते हैं."

मी तिथंच, लोखंडाच्या भुश्शात, मटकन खाली बसले. हे घाबरले, "काय झालं गं?" मग त्यांच्याच लक्षात आलं. "अगं, येतो म्हणला व्हय तो! आपलं मराठी 'येतो', हिंदीत करून सांगितलं. आन आपण पडदे शिवीत बसलो!" ते हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले. रामदरस दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. नंदू येणार नव्हता. त्यानं नुसता निरोप घेतला होता, आणि स्टेशनवर जो शब्द राहून गेला होता, नेमका तोच पाठवला होता. त्या दुकानात मी पोटभर रडले. लढाई संपलेली नव्हती, पोरगं अजून डोंगरावरच होतं, पण मला वाटणारी भीती तिथं उतरली. पुढं तो येईपर्यंत दिवस काढता आले ते त्या एका शब्दावर.

नंदू लढाईनंतर सुट्टीवर आला. पहिल्या दोन दिवसांत मी काही विचारलं नाही, मग राहवलं नाही. "स्टेशनवर जातो म्हणालास, म्हणून नंतर मुद्दाम येतो म्हणून निरोप दिलास ना?"

तो भाकरी मोडता मोडता थांबला. "मी? जातो म्हणालो? काय की." आणि फोनवरचंही त्याला काही आठवत नव्हतं. "मागं पोरांची लाईन होती आई, समदी घाई करत होती. काय बोललो ते ध्यानात नाय."

म्हणजे बोलणाऱ्याच्या ध्यानात तो शब्द नव्हता, आणणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि जिच्यासाठी तो होता तिनं आधी ओळखलाच नाही. तरीही तो हरवला नाही. परक्या भाषेतून आणि परक्या माणसाच्या तोंडून माझ्यापर्यंत बरोबर आला. आता यावर माझ्यासारखीनं किती प्रश्न विचारावेत! नंबर त्यालाच कसा मिळाला, त्यानं तो रविवार का घालवला. विचारले असते तर योगायोग म्हणून उत्तरंही मिळाली असती. पण मी विचारले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट न तपासता पदरात घेतली. शरण जाणं म्हणजे मला एवढंच कळलंय.

रामदरस त्या सुट्टीत आमच्याकडं जेवायला आला. जेवून उठला, उंबऱ्यात चप्पल घातली आणि म्हणाला, "अच्छा माताजी, चलता हूँ." नंदू आणि मी एकदमच ओरडलो. त्यानं हसून जीभ चावली, परत आत आला आणि नीट म्हणाला, "आता हूँ."

संशय काही गेलेला नाही. टँकर आला की मी अजून टाकीजवळ उभी असते. रविवारी खंडोबाला जाते, तेव्हा एक डोळा चपलेवर असतोच. पण भंडाऱ्यासाठी कपाळ पुढं करते, आणि पायरी उतरायच्या आधी मागं वळून देवाला सांगते, येते.