पाठीवर बटणं असलेला स्वेटर

एक सुई वर करून तो म्हणायचा, "ओळ पुरी हू द्या, मंग बोला."

समोर कोण उभं आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. गाडीतून उतरलेला बागायतदार असो, नाहीतर पट्ट्याला ओढ देणारं कुत्रं असो. आधी ओळ. गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि हा मुंडी खाली घालून सुलट, उलट, सुलट, उलट.

देवळाली प्रवरात आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या बरोबर समोर त्याचा फोटो स्टुडिओ होता, मागे त्याच्या राहायच्या दोन खोल्या. मधे फक्त रस्ता. त्यामुळे त्याचा एकही चाळा माझ्या नजरेतून सुटला नाही. त्याचं नाव मी इथे घालत नाही. घातलं तर फोन करून भांडेल.

आधी तो लग्नाचे फोटो काढायचा. मग ड्रोनवाली पोरं आली आणि लग्नात याला कुणी विचारेना. त्याच सुमाराला आपल्या भागात प्राण्यांचे वाढदिवस निघाले. तुम्ही ते फ्लेक्स पाहिले असतीलच. चौकात मधोमध कुत्रं किंवा बैल, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांची तोंडं. त्यातल्या त्यात कुत्र्याचंच तोंड बरं असतं. त्या फ्लेक्सला फोटो लागतो. तो मोबाईलवर धड येत नाही, कारण कुत्रं हलतं आणि मालक ओरडतो. याने ते हेरलं आणि दुकानाची पाटीच बदलली. पाळीव प्राण्यांचे फोटो काढून मिळतील.

मी म्हटलं, "माणसं संपली का रं?"

तर म्हणाला, "मावशी, माणूस फोटो बघून म्हणतो, मी असा दिसत न्हाई. कुत्रं कंदी म्हणलंय का?"

विणकाम त्याला तंबाखूपायी लागलं. दिवसभर तळहातावर तंबाखू मळायची सवय. बायको वैतागली. एक दिवस तिने त्याच्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला आणि सांगितलं, हात वळवळायला लागले की हे करा. तंबाखू सुटली, सुया चिकटल्या. बायको पुढे आजारपणात गेली. त्यानंतर त्याचं बोलणं कमी झालं आणि विणणं वाढलं.

पुरुषमाणूस विणतो म्हणून लोक हसायचे. मीही हसले, खोटं कशाला सांगू? दळणाला आलेल्या बाया गिरणीतूनच ओरडायच्या, "दाजी, आमाला एखादा झंपर इना की!" तो मान वर न करता म्हणायचा, "चार पायाचं इनतो. दोन पायाच्या लई तक्रारी असत्यात."

आणि खरोखर तो चार पायांचं विणत होता. फोटोत कुत्रं बरं दिसावं म्हणून त्याने एक स्वेटर विणला. फोटो चौकात लागल्यावर दुसरा मालक आला, आमच्या कुत्र्यालाही तसलाच पाहिजे म्हणाला. असं करत करत खुंटीवर स्वेटरच स्वेटर झाले. पाठ लांब, पोट आखूड, म्हणजे कुत्र्याने पाय वर केला तरी लोकर ओली होत नाही. पुढच्या पायांच्या बाह्या खाली छातीला. कुत्रं गळ्यातून डोकं घालू देत नाही, म्हणून बटणं पाठीवर. इतका विचार त्याने स्वतःच्या सदऱ्याचा कधी केला नाही. त्याच्या सदऱ्याला बटणं असलीच तर दोन.

त्याची फोटो काढायची रीत गिऱ्हाइकाला पटायची नाही. तो कॅमेरा आधी हातात घ्यायचाच नाही. कुत्र्यासमोर खाली बसून विणायला लागायचा. मालकाला वाटायचं, हा आपल्या वेळेत स्वतःचं काम उरकतोय. एकदा एक जण चिडला, "आवो, फोटो काढायला आलोय, बाळंतपणाला न्हाई!" तोवर सुयांच्या टिकटिकीने कुत्रं खाली बसलं होतं आणि मालकच तेवढा उभा भुंकत होता.

अर्थात नेहमीच असं साधायचं नाही. एका मोठ्या काळ्या कुत्र्याने एकदा अर्धवट विणलेला स्वेटर तोंडात धरला आणि पळ काढला. गुंडा दुकानात, स्वेटर कुत्र्याच्या तोंडात, कुत्रं बाजारपेठेत. लाल धागा माझ्या गिरणीसमोरून, भेळवाल्याच्या गाड्याखालून, थेट पाटावरच्या पुलापर्यंत. मागे हा ओरडत, "तोडू नका! कुणी धागा तोडू नका!" कुत्र्याचं काय व्हायचं ते होवो. धागा गोळा करत तो परत आला तेव्हा भेळेची शेव लोकरीत अडकली होती. ती त्याने तिथेच उभ्या उभ्या वेचून खाल्ली.

असा हा माणूस, आणि त्याच्या लेकीला दिवस गेले.

लेक नाशिकला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत. पण विहीणबाईंनी फोन केला. मी तिथेच होते, आणि फोन त्याने सवयीप्रमाणे मोठ्या आवाजावर ठेवला होता. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे बाईमाणूस नाही. घरात कुत्र्यामांजरांचे केस. मुलीचं इथेच करू या."

ओळ चालू नव्हती तरी त्याने एक सुई वर केली. मग म्हणाला, "तिची आई असती तर तिनं इथंच केलं असतं. मी करतो."

विहीणबाई अडून बसल्या नाहीत, पण अट घातली. बारशाला त्या येणार. सगळं स्वतः बघणार. मनाला पटलं तर लेक आणि बाळ सव्वा महिना इथे राहतील. नाही पटलं तर बारसं उरकून त्याच गाडीने नाशिकला.

फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बघतोस काय? अंघोळी मी घालीन. बाकीचं तुझं तू बघ."

त्याने बघितलं. दोन्ही खोल्यांना चुना मारला. डिंकाचे लाडू करायला घेतले, पहिला घाणा दगड झाला, दुसरा जमला. प्राण्यांचं सगळं काम उचलून माझ्या गिरणीच्या ओट्यावर आणलं. तेव्हापासून आमच्याकडे दळणाच्या डब्यांच्या रांगेत कुत्रीही नंबर लावून बसायला लागली. काळं कुत्रं फोटोला यायचं आणि पीठ बसून पांढरं परत जायचं.

राहिला बाळंतविडा. बाळाचे कपडे आजोळाने करायचे. दुपटं, टोपरं, अंगडं विकत मिळतं, पण स्वेटर आपल्या हातचा द्यायचा असं त्याने ठरवलं. पिवळी लोकर आणली आणि लगेच टाके घालायला बसला. मी जाऊन सुया हातातून काढून घेतल्या.

"पोटातल्या बाळासाठी आधी काही इनायचं न्हाई. जल्म होऊ दे, मंग."

"मावशी, ह्या असल्या गोष्टी तुमी मानता?"

"मी न्हाई मानत. तुझी विहीण मानीत आसंल."

त्याने पिवळी लोकर कपाटात ठेवली. पण हात स्वस्थ बसेनात. थंडी तोंडावर आलेली, कुत्र्यांची मागणी भरपूर. मग तो लेकीची वाट बघत कुत्र्यांचे स्वेटर विणत सुटला. लेक आली, तिच्या उशाशी बसून विणले. कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून विणले. मुलगा झाला असं नर्सने येऊन सांगितलं, तर हा सुई वर करून बसला. नर्स म्हणाली, "आजोबा, ओळ नंतर. बाळ बघा आधी."

मग पिवळी लोकर निघाली. पण आता वेळ कुठे होता? सकाळी लेकीला खीर, मग दुपट्यांचा ढीग, मग ओट्यावर कुणाचा तरी पोपट फोटोला आलेला. मधेच चार टाके. बाळ रडलं की सुया खाली. बाळ निजलं की सुया वर, तेवढ्यात दारात लेंडी टाकत बोकड. मी त्याला म्हटलं, राहू दे, विकतचा आण. तर नुसती मान हलवली. डोळे आत गेले होते, पण हात आपले चाललेले. हातांना बघायची गरज उरली नव्हती. घोटाळा तिथेच झाला.

बारशाच्या दिवशी मी बाळंतविड्याचं ताट मांडत होते. दुपटं, टोपरं, अंगडं. शेवटी स्वेटर उलगडला. मऊ, टाका न् टाका सारखा, बघत राहावा असा. फक्त बाह्या जागेवर दिसेनात. उलटा करून पाहिला. दोन्ही बाह्या पुढे छातीवर, शेजारी शेजारी. पोट आखूड. पाठ लांब. बटणं पाठीवर.

"अरे," मी म्हटलं, "शेपटीला जागा ठेवली का?"

तो आला, स्वेटर बघितला आणि भिंतीला टेकून खालीच बसला. "मावशी, उसवतो."

"आता? गाडी दारात आलीय."

"लपवा मंग. विकतचा आणतो पळत जाऊन. मावशी, ह्या न्हेतील वो पोरीला."

मी स्वेटर पदराखाली घेते तोवर विहीणबाई आत आल्या. त्या बाईची नजर म्हणजे, दळणात खडा राहिला तर डब्याबाहेरून सांगतील. हात पुढे करून म्हणाल्या, "काय आहे ते दाखवा." मी दिलं. काय करणार?

त्यांनी स्वेटर उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला. आलेल्या बायांतलं कुणीतरी हसू दाबताना ठसकलं. लेक बाळ घेऊन कॉटवर बसली होती, तिने मान खाली घातली.

"हे कुणी विणलं?"

नवी पद्धत आहे म्हणाला असता तर खपून गेलं असतं. शहरात काय वाट्टेल ते खपतं. पण हा उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "मी इनलं. इतकी कुत्री इनली, की हाताला दुसरं मापच आठवंना. चुकलं माझं. पण पोरीला ऱ्हाऊ द्या."

विहीणबाईंनी पिशवीतून स्वतः आणलेला स्वेटर काढला. नाशिकचा, दुकानातला, ससा काढलेला. तो बाळाला चढवायला घेतला. डोकं गळ्यात अडकलं. एक हात ओढून बाजूला बाहीत घालू गेल्या, तर पोराने असा गळा काढला की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा उठून बसलं. तान्हं मूल हात बाजूला ठेवतं का? मुठी वळून छातीशी धरतं. तुम्ही पोरं वाढवली असतील तर तुम्हाला ठाऊक आहे.

त्यांनी तो काढला. थोडा वेळ बाळाकडे पाहिलं, थोडा वेळ पिवळ्या स्वेटरकडे. मग बाळाला पालथं मांडीवर घेऊन पाठीमागून स्वेटर घातला. मुठी होत्या तिथेच बाह्यांमधून बाहेर आल्या. पाठीवर बटणं लागली. पोरगं रडायचं थांबलं. तेवढ्यात त्याने धार सोडली. ती विहीणबाईंच्या पातळावर गेली, स्वेटर मात्र कोरडा राहिला.

विहीणबाईंनी पातळ झटकलं आणि म्हणाल्या, "बसलं की छान." मग त्याच्याकडे वळून, "अजून एक करा. रोज धुवायला लागेल. सव्वा महिना एकावर कसं भागेल?"

त्याने मान हलवली आणि मागच्या दाराने बाहेर गेला. पाळण्याच्या वेळी त्याला शोधायला मी गेले तर मोरीशी उभा राहून तोंड धूत होता. बराच वेळ धूत होता.

सव्वा महिना झाला, लेक नाशिकला गेली. हा दर आठवड्याला जाऊन नातवाला खेळवून यायचा. पुढे तिची नोकरी सुरू झाली आणि विहीणबाईंचे गुडघे धरले. नातू रांगायला लागलेला. तेव्हा फोन आला तो विहीणबाईंचाच. "तुम्हीच या. तुमच्याशिवाय हा कुणाकडे टिकत नाही." दुकानाचं काय, असं याने विचारलं. त्या म्हणाल्या, नाशकात कुत्री नाहीत का?

स्टुडिओ आवरायला त्याला फार वेळ लागला नाही. खुंटीवरचे स्वेटर ज्या त्या कुत्र्याच्या घरी नेऊन दिले. कॅमेरा आणि लोकर एकाच पिशवीत भरली. गाडीत बसताना मी म्हटलं, "तिथं तरी आधी फोटो, मंग इनकाम कर." तो म्हणाला, "बघू."

मधे मी त्याला फोन केला. विचारलं, धंदा कसा आहे? म्हणाला, कॅमेरा अजून पिशवीतच आहे. मग विणतोस तरी का? नाही म्हणाला. पोरगं आता चालतं, त्याच्या मागे फिरतानाच दिवस जातो.

"अरे, मंग करतोस काय दिवसभर?"

"मावशी, हळू बोला," तो कुजबुजला. "आत्ताच खांद्यावर झोपलंय." आणि फोन ठेवला.

समोर आता चपलांचं दुकान झालंय. मालक चांगला आहे, गेलं की लगेच उठून विचारतो काय पाहिजे. मी एक जोड घेतला. चावायला लागला. पण तक्रार करायला गेले तर त्याने लगेच बदलून दिला, एक क्षणही उभं ठेवलं नाही. मग घरी येण्याशिवाय काय करणार?