नीलांबरीचा कॅम्पर

नीलांबरीशी वाद घालू नये, हे मी आमच्या अमेरिकेतल्या, हर्नडनच्या ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकायचे. ती टेस्टिंगची लीड. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा तिला पगार मिळतो आणि त्यातला एक पैसाही ती फुकट घेत नाही. नागपूरची बाई, उंचीने बेताची, पण आवाज शेवटच्या क्युबिकलपर्यंत जाणारा. मी सांगलीची, मीही काही गुळमुळीत बोलणारी नव्हे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आमच्या राहिल्या.

तर ही बाई रोज दुपारचे बारा वाजले की किल्ल्या उचलून पळायची. मीटिंग असो, क्लायंट असो, कुणाचं काही चालायचं नाही. डबा गाडीत, सिग्नलला, एका हाताने खायचा. घरी जायचं, नवऱ्याची पिशवी बदलायची आणि दीडच्या सुमाराला परत खुर्चीत.

पिशवी म्हणजे काय ते सांगते. तिचा नवरा हेमचंद्र, त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. त्याचं डायलिसिस पोटातून चालायचं. पोटात एक नळी कायमची बसवलेली असते. तिला औषधी पाण्याची पिशवी जोडायची, पाणी आत सोडायचं, चार-पाच तास ठेवायचं, मग काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. दिवसातून चार वेळा. मशीन लागत नाही, हॉस्पिटल लागत नाही, घरच्या घरी होतं. फक्त स्वच्छता कडक पाहिजे. तोंडाला मास्क, हात साबणाने घासून धुतलेले, पंखा बंद, खिडक्या बंद. नळीच्या तोंडाला बोट लागलं की इन्फेक्शन थेट पोटात.

सुरुवातीला हे सगळं तो स्वतःच करायचा, गाणं गुणगुणत. रस्ते-पूल बांधणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर, शनिवार-रविवार डोंगर तुडवणारा माणूस, आजाराने तसा खचला नव्हता. पण २००३ च्या गणपतीत एका मित्राच्या घरी, पाहुण्यांच्या खोलीत त्याने पिशवी बदलली. वरून एसीची हवा येत होती, की घाईत हात नीट धुतले गेले नाहीत, देव जाणे. दोन दिवसांनी पोटातलं पाणी गढूळ निघालं, ताप चढला आणि हॉस्पिटलात भरती झाला. वाचला, पण घरी आला तो निम्मा होऊन. "माझ्या हातांचा भरवसा राहिला नाही," म्हणाला, आणि नळीला हात लावणं सोडलं. काम घरून करायला लागला. क्लिनिक सोडलं तर उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. मुलगी इशिता कॉलेजला लांब. मग चारही वेळच्या पिशव्या नीलांबरीकडे आल्या. हेमचंद्र पन्नाशीही न गाठता म्हातारा झाला, आणि मला त्या माणसाचा राग यायचा. यायचा म्हणजे यायचा, आजारी माणसाचा राग येऊ नये असं कुठे लिहिलंय?

२००५ च्या एप्रिलमध्ये नीलांबरीने एक भंगार घरी आणलं. लीसबर्गच्या पुढे एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे पडलेला, सत्तरच्या दशकातला पॉप-अप कॅम्पर. हा प्रकार बंद असतो तेव्हा चाकांवरच्या मोठ्या पेटाऱ्यासारखा दिसतो, गाडीच्या मागे जोडून न्यायचा. मुक्कामावर पोचलं की हँडल फिरवायचं, तारांवर छप्पर वर उचललं जातं, भोवती कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर सरकतात. हिच्या कॅम्परचं कापड कुजलेलं, फरशी इतकी भुसभुशीत की माझा पाय आत गेला, आणि गादीत उंदरांचा संसार.

"नीला, तुला वेड लागलंय का?" मी विचारलं.

"हेमला बाहेर दुसऱ्याच्या खोलीत भीती वाटते ना, मग आपण त्याची खोलीच डोंगरावर न्यायची," ती म्हणाली. "मोजमाप घेतलंय. मिटवला की आमच्या गराजमध्ये बसतो. जूनमध्ये शेनांडोआच्या डोंगरात जायचं. कॅम्पर ओढायला तुझ्या संजीवची व्हॅन लागेल, त्याला सांगून ठेव."

मला विचारलं नाही, सांगितलं. संजीव म्हणजे माझा नवरा, त्यालाही कुणी विचारलं नाही.

मग दोन महिने आमचे सगळे शनिवार-रविवार त्या पेटाऱ्याने खाल्ले. गराजमध्ये छप्पर पूर्ण वर जायचं नाही, म्हणून आम्ही आत वाकून काम करायचो आणि माझी कंबर पार कामातून गेली. जुनी फरशी उपटली, प्लायवूड टाकलं, त्यावर पुसता येईल असं व्हिनाइल चिकटवलं. गंजलेल्या तारा बदलल्या. छपराच्या कडेची प्रत्येक फट डांबरासारख्या चिकट पट्टीने बुजवली आणि होजपाइपने तासभर पाणी मारून पाहिलं. एक थेंब आत आला, तर बाईने अख्खी बाजू परत उचकटायला लावली. कापड तिने स्वतः शिवलं, सुया मोडून मोडून. आणि एका कोपऱ्यात, जिथे खरं म्हणजे जेवायचं टेबल असतं, तिथे तिने कापडाऐवजी बिजागरीच्या पक्क्या भिंती उभ्या केल्या. दार, एक बैठक, घडीचं टेबल, पायाने पंप मारून पाणी येणारं छोटं सिंक, पिशवी टांगायला हुक. क्लिनिकची नर्स येऊन बघून गेली आणि म्हणाली, काही घरांपेक्षा हे बरं आहे.

हेमचंद्र या सगळ्यात कुठे होता? स्वयंपाकघरातून गराजमध्ये उघडणाऱ्या दारात, चहाचा कप घेऊन. "मी येणार नाही," हे तो दर शनिवारी न चुकता सांगायचा. "प्लायवूडची गुळगुळीत बाजू खाली गेलीय," हेही सांगायचा. इंजिनिअरला चुकीचं काम बघवत नाही. पण पायरी उतरून आत मात्र कधी आला नाही.

कोपरा तयार झाल्यावर नीलांबरीचे नियम सुरू झाले. आत बूट नाहीत. धुतलेल्या हातांशिवाय दाराला हात नाही. फडकं उकळलेलं, ते दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. मी हसून लोटपोट झाले. कारण मिरजेला तिच्या सासूबाईंचं कडक सोवळं होतं. वाळत घातलेल्या सोवळ्याला नवी सून शिवली म्हणून त्यांनी ते परत धुवायला लावलं, तेव्हा हिने तोंडावर सांगितलं होतं, माझ्या घरात हे थोतांड चालणार नाही. पुढे चाललंही नाही.

"सासूबाईंना वर उचकी लागली असेल," मी म्हटलं.

"लागू दे," ती म्हणाली. "त्यांच्या सोवळ्याने कुणाचा जीव वाचत नव्हता. तू आधी बूट काढ."

निघायच्या दिवशी व्हायचं ते झालं. आमच्या मराठी मंडळाची कांचन, उत्साहाचा नुसता झरा, सकाळीच पूजेचं ताट घेऊन हजर. नवीन गाडीची पूजा नको? आता मी सांगते, तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडे स्कूटर घेतली तरी हार घालतात. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, इथपर्यंत नीलांबरीही हसत होती. सामान भरायला कॅम्पर गराजबाहेर उघडून ठेवला होता; ती पिशव्यांची खोकी आणायला घरात गेली, तेवढ्यात कांचन आत शिरली. आतल्या देखण्या कोपऱ्यात, त्या टेबलावर तिने अक्षता टाकल्या, सिंकवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि हुकाला उदबत्तीचा पुडा अडकवून चार काड्या पेटवल्या. नारळाचं पाणीही शिंपडलं, चारी दिशांना.

नीलांबरी परत आली आणि दारात थांबली. मला वाटलं आता आभाळ कोसळतं.

"काय करून राहिली तू, कांचन?" एवढंच म्हणाली. चिडली की तिचं नागपूर बाहेर येतं. "उतर खाली. आधी उतर."

कांचनचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. आणि नेमका तेव्हाच हेमचंद्र मागून बोलला. बॅग भरून, टोपी घालून, महामुश्किलीने तयार झालेला माणूस. "नीला, राहू दे. हे असंच होणार. दर वेळी कुणीतरी चांगल्या मनाने काहीतरी करणार आणि मी हॉस्पिटलात जाणार. मला नाही जायचं." आणि टोपी काढली.

"उद्या जाऊ," नीलांबरी म्हणाली. "मीनू, बादली आण. कांचन, तू रडू नको, हात धू आणि ब्लीच घे."

तिघींनी आळीपाळीने आत शिरून तो कोपरा छतापासून घासला. कुंकू व्हिनाइलवरून निघता निघत नव्हतं. दुपारी पुसणं झालं, संध्याकाळी परत एकदा झालं. हेमचंद्र दारातून बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी परत त्याच्या डोक्यावर होती. तो का आला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. तीन बायकांचे सोलवटलेले हात बघून नाही म्हणायची लाज वाटली असेल.

शेनांडोआच्या कॅम्पग्राउंडवर पोचलो तेव्हा दुपारच्या पिशवीची वेळ होऊन गेली होती. संजीवने चाकं अडवली, मी हँडल फिरवलं, छप्पर कुरकुर न करता वर गेलं. नीलांबरीने खिडक्या बंद केल्या, मास्क लावला, बाहेरच्या नळावर हात धुतले. हेमचंद्र बैठकीवर जाऊन बसला आणि रोजच्यासारखा शर्ट वर करून थांबला.

नीलांबरी दारातच उभी.

"ये ना आत," तो म्हणाला.

"जागा नाही. एकच माणूस मावतो."

"मग पिशवी तरी वर लाव."

"माझा हात हुकाला पुरत नाही. आणि स्टूल आणलं नाही."

तेव्हा त्याने नीट बघितलं. हुक त्याच्या हाताच्या उंचीवर होता. टेबल डाव्या बाजूला होतं, आणि तो डावखुरा. सिंक, साबण, मास्कचं खोकं, सगळं बसल्या जागेवरून त्याच्या हाताला येत होतं आणि दारातून तिच्या हाताला एकही गोष्ट येत नव्हती. दोन महिने मी त्या कोपऱ्यात राबले होते, माझ्याही डोक्यात हे तेव्हाच शिरलं.

"हे तू मुद्दाम केलंयस," हेमचंद्र म्हणाला.

"हो."

"आणि परत इन्फेक्शन झालं तर?"

"तर दोन तासांत घरी, तिथून हॉस्पिटल. पण होणार नाही. तुझे हात चांगले आहेत, मी पंचवीस वर्षं बघतेय. दार लावून घे."

मग त्याने हात लांब करून दार ओढून घेतलं. आतून पंपाचा आवाज आला. तो हात धूत होता, आणि बराच वेळ धूत होता.

नीलांबरी बाहेर घडीच्या खुर्चीत येऊन बसली. ऑफिसात डायरेक्टरला गप्प करणारी बाई, दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मीनू," ती म्हणाली, "काही झालं ना, तर ते मी केलेलं असेल." मी एरवी तिला काहीतरी टोचून बोलले असते. मलाच भीती वाटत होती. मी तिचा हात धरून बसले, आणि आतून आवाज येतोय का ते आम्ही दोघी ऐकत राहिलो.

अर्ध्या-पाऊण तासाने दार उघडलं. हेमचंद्र पोटातून काढलेल्या पाण्याची पिशवी स्वतः हातात घेऊन बाहेर आला. उन्हात धरली. पाणी पिवळसर, स्वच्छ. पण त्याला अर्थ नव्हता, इन्फेक्शन झालंच तर पुढच्या दोन दिवसांत दिसणार होतं. ते दोन दिवस प्रत्येक पिशवी निघाली की आम्ही चौघं तिच्याभोवती गोळा व्हायचो. पिशवीमागे वर्तमानपत्र धरायचं, अक्षरं वाचता आली की पाणी नितळ. संजीव बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचा. रविवारी सकाळची पिशवी बदलून झाल्यावर हेमचंद्र काठी घेऊन एकटाच पायवाटेने निघून गेला. नीलांबरी मागे धावणार होती, मी तिचा दुपट्टा धरून तिला बसवलं.

मंगळवारी ऑफिसात बारा वाजले आणि सवयीने ती किल्ल्या उचलून निघाली. लिफ्टपाशी मोबाइल वाजला.

"कुठे निघालीस?" हेमचंद्रचा आवाज मलाही ऐकू आला. "मी हात धुऊन बसतोय. तू येऊ नकोस, जेवून घे."

तिने किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो. तिने टेबलावर डबा उघडला, पोळी-भाजी, कोशिंबीर, खाली वरण-भात, आणि पहिला घास घेतल्यावर रडायला लागली. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी म्हटलं, बघू देत. ती रडत रडत जेवली, आणि डबा पुसून खाल्ला.