खुंट्यावर बसलेलं मिस्त्री

जेवणाची सुट्टी झाली की अण्णाप्पा मिस्त्री आधी मुंबई करायचं, मग भाकरी सोडायचं.

खोटं वाटंल, पर डोळ्यानं बघितल्यालं सांगते. शिरोलीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना हुता, लोखंड वतायचा. तितं खाली सगळीकडं काळी वाळू. मिस्त्री उकिडवं बसायचं, हातानं वाळू सारखी करायचं आन् मुठीएवढी सात ढिगुळं घालायचं. "ही सात बेटं," म्हणायचं. "मधी सगळं पाणी. हितं कोळ्यांची घरं, हितं ताडाची झाडं, हितं चिखल. बास. येवढीच हुती मुंबई." मग तळव्यानं एकेक फट भरत जायाचं. "हितं बांध घातला, खाडी मुजली. ह्यो डोंगर फोडला, त्येचे दगड पाण्यात टाकले. हितं धक्का बांधला, जहाजं लागाया लागली." भरता भरता सातांचं एक व्हायचं, लांबोळकं, पसरल्या हातागत. मग हात झाडून म्हणायचं, "मुंबई जन्माला आली न्हाय, तंगी. मुंबई केलीया. माणसांनी पाट्या टाकून टाकून केलीया."

तंगी म्हंजे धाकटी भण. मिस्त्री निपाणीच्या पल्याडचं, घरात कानडी बोलणारं. कारखान्यात आमी सात-आठ बाया, सगळ्या त्येंच्या तंग्याच. पारूबाई तर त्येंच्यापेक्षा धा वर्सांनी थोरली, तीबी तंगी. ती चिडायची, "मिस्त्री, माझं दात पडलं की ओ, अजून मी तंगीच व्हय?" मिस्त्री म्हणायचं, "दात पडले म्हणून काय झालं? तोंड चालतंय न्हवं?"

मी उचगावची, शेवंता. साळंत दुसरीपतूर गेले. घरधनी वारलं तवा थोरली पोरगी पाच वर्साची, धाकटी अंगावर पीत हुती. दिरानं म्हयन्याभरात वेगळं काढलं. मी रडले न्हाय असं न्हाय, पर चूल पेटवायच्या आधी रडून घ्यायची, पोरी उठल्यावर न्हाय. गावातल्या एका बाईनं कारखान्यात नेलं आन् कोरच्या कामाला लावलं.

कोर म्हंजे काय ते सांगते. लोखंडाची वस्तू आतनं पोकळ पायजे असंल तर साच्याच्या मधी वाळूचा गड्डा उभा करायचा, त्यो कोर. वाळूत काकवी कालवायची, लाकडी पेटीत ठेचून भरायची आन् भट्टीत भाजायची. भाकरीगतच काम. वरनं भाजली आन् आत कच्ची ऱ्हायली की गेलं सगळं. कच्च्या कोरात पाणी असतंय. वर तापलं लोखंड पडलं की त्येची वाफ होती, वाफंला वाट गावली न्हाय की ती लोखंडातच फोड करून बसती. म्हणून साच्यात ठेवायच्या आधी मिस्त्री प्रत्येक कोर बोटाच्या हाडानं वाजवून बघायचं. टण्ण वाजला की पक्का. भद्द वाजला की परत भट्टीत.

मिस्त्री सोळाव्या वर्सी चुलत्याच्या मागनं मुंबईला गेलतं. जहाजं लागत्यात त्या गोदीत पोती वाहायला. कुठल्या पोत्याचं वझं कसं असतंय ते सांगायचं. गव्हाचं पाठीला धरून बसतंय, साखरंचं खांद्यात रुततंय, कापसाचा गठ्ठा माणसाला ढकलत नेतोय. पारूबाई डिवचायची, "म्हंजे मुंबईत तुमी हमालच की, मिस्त्री! आमाला वाटलं सायब हुता."

"हमालच हुतो," ते म्हणायचं. "आन् मुंबई माझ्या पाठीवरनं उतरलीया. लोकं म्हणत्यात गिरण्यांनी मोठी केली, शेटजींनी मोठी केली. मी म्हणतो आधी जहाज थांबलं. जहाज थांबलं म्हणून कापूस आला, मग गिरणी आली, मग तुझा-माझा चुलता भाकरी बांधून घाट उतरला. आन् जहाज थांबतंय कशाला? गुराला खुंटा असतोय तसा जहाजालाबी असतोय, धक्क्यावर, लोखंडाचा. दोर त्येला. त्यो खुंटा धरून सगळी मुंबई उभी हाय."

पुढं मिस्त्रींचा मणका गेला. वझं उचलंना, तवा त्येंना लोखंडाच्या कामावर घातलं, तितं ते साचा शिकलं. मग गोदीत डबे आले, घराएवढाले लोखंडी डबे. शंभर माणसांचं काम एक माणूस वर यंत्रात बसून करायला लागला. खाडीच्या पल्याड नवं बंदर झालं, मोठी जहाजं तिकडं वळली. जुन्या धक्क्यावर माणसं कमी केली, त्यात मिस्त्री घरला आलं.

मी एकदा इचारलं, "वंगाळ वाटलं असंल न्हवं?"

म्हणालं, "वाटायचं काय त्यात? समुद्र मुजवताना कोळ्यांना कुणी इचारलंतं का? त्येंच्या जाळ्यावर आमची पोती पडली, आमच्या पोत्यावर डबे पडले. गाव वाढतंय तवा कुणाच्या तरी अंगावरनंच वाढतंय. आपण पायाखाली आलो म्हणून वाढणाराला शिव्या द्यायच्या न्हाईत. पर पाय कुणावर पडतोय ते त्येला दावायचं."

आन् योग बघा. त्याच पल्याडच्या बंदराला बारा खुंटं पायजे हुतं, ते काम आमच्या कारखान्याला मिळालं. पारूबाईला लई चेव आला. "मिस्त्री, त्येंच्यापायी तुमी घरला आलासा. आता द्या वाकडंतिकडं करून!"

मिस्त्री कधी चिडायचं न्हाईत, त्या दिशी चिडलं. "खुंटा बंदराचा नसतोय. दोराखाली जो उभा ऱ्हातोय त्येचा असतोय."

मग त्येंनी येसूचं सांगितलं. येसू त्येंच्याबरोबरचा गडी, एका ताटात जेवणारा. कुठला धक्का ते त्येंनी सांगितलं न्हाय. खुंटा जुना, कुणी वतलेला द्येव जाणे, आत फोड. वारं सुटलं, जहाजानं वढ घेतली, खुंटा मानंतनं तुटला. दोर मांडीएवढा जाड, त्यो सुटून फिरला. येसू मधी हुता.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय," मिस्त्री म्हणालं. "मधी हुता."

अकरा खुंटं झालं, झ्याक झालं. खुंटा आतनं पोकळ असतोय, म्हणून प्रत्येकाला कोर. बाराव्याचा माझ्याकडं हुता. पावसाळी दिवस, वाळूच ओली, भट्टी धरंना. धाकटी पोरगी तापानं फणफणलेली, शेजारणीकडं टाकून आलेले. अजून दोन तास भाजायला पायजे हुता कोर. मला ठाऊक हुतं. पर डोळ्यापुढं पोरगी. मी भट्टीचं दार उघडलं आन् कोर काढला. वरनं छान तांबूस दिसत हुता. मिस्त्रींच्या म्होरं नेऊन ठेवला. पारूबाईनं कोर केला तर मिस्त्री चारदा वाजवायचं. माझा बघितला आन् म्हणालं, "शेवंताचा कोर वाजवायचा नसतोय." आन् उचलून साच्यात ठेवला.

हितं माझी जीभ हालायला पायजे हुती. ती हालली न्हाय.

तिसऱ्या दिशी साचा फोडला. खुंट्याच्या मानंखाली चार भोकं, हरभऱ्याएवढी. मिस्त्रींनी हातोडीनं सगळीकडनं ठोकून बघितलं, कान लावून. उठलं आन् म्हणालं, "मोडा. आत अजून हाय."

धाकटं मालक आलं. तरणं माणूस, वंगाळ न्हवतं, पर ट्रक दारात उभा हुता आन् बंदरावरनं सारखा फोन. म्हणालं, "भोकं लांबीनं बुजवा, घासा, काळा रंग मारा. कोण बघतंय? अकरा चांगलं हायत, मिस्त्री. एकानं काय होतंय?"

"येसू एकच हुता," मिस्त्री म्हणालं.

मालकांना कोण येसू ते काय ठाऊक? त्येंनी क्रेनवाल्याला हात केला. साखळी खाली आली. आन् मिस्त्री गेलं, धोतर सावरलं आन् खुंट्यावर बसलं. गावात पारावर बसत्यात तसं, मांडी घालून.

"उठा," मालक म्हणालं.

"उचलायचा तर माझ्यासकट उचला. तितं गेल्यावर सांगतो की मी, आत काय हाय."

"कामावरनं काढीन, मिस्त्री."

"काढा की. खुंटा मोडा आन् मग काढा."

सगळा कारखाना गोळा झाला. पारूबाई तितंबी गप बसंल तर शपथ. "मिस्त्री, गार झालाय न्हवं त्यो? बूड भाजंल!" लोकं हसली, मालकबी हसणार हुतं, पर हसलं न्हाईत. जेवणाची सुट्टी झाली. मिस्त्रींनी त्या दिशी मुंबई केली न्हाय. खुंट्यावर बसूनच भाकरी खाल्ली, तिथंच पाणी पिलं. ट्रकवाला हॉर्न वाजवून कटाळला.

दुपारी मालक परत आलं. आता आवाज चढला हुता. "कोर कुणाचा हुता? त्येला आत्ताच्या आत्ता घरला लावतो."

दोन पोरी, वर आभाळ आन् खाली ही वाळू. दुसरं काम मला कोण देणार हुतं?

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलंबी न्हाय. म्हणालं, "कोर वाजवायचं काम माझं. मी वाजवला न्हाय. मला लावा घरला."

खरंच हुतं ते. त्येंनी वाजवला न्हवता. पर माझ्यावर भरवसा ठेवून वाजवला न्हवता, ते आमा दोघांनाच म्हाईत. मी उभी ऱ्हायले. म्हटलं, "मालक, कोर माझा. कच्चा हुता. मला ठाऊक असून मी काढला."

"गप बस, तंगी," मिस्त्री म्हणालं.

"न्हाय बसत," मी म्हटलं. "तुमी सकाळधरनं बसलायसा तेवढं पुरं झालं. उठा."

कोपऱ्यात घण हुता. मी त्यो वढत आणला. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडं बघितलं आन् उठलं. पयला घाव घातला तर खुंट्याला काय झालं न्हाय, माझाच हात खांद्यापतूर झिणझिणला. दुसरा घातला. कुणीतरी हसलं. तिसरा घातला तवा दोघं गडी म्होरं आलं, माझ्या हातनं घण घेतला आन् मग ठाण ठाण सुरू झालं. मान तुटली. आत बघितलं तर मधाच्या पोळ्यागत सगळं. बोट घातलं तर बोट जात हुतं. मालकांनी घातलंबी. मग बोट पुसत उभं ऱ्हायलं.

अकरा खुंटं घेऊन ट्रक गेला. मी माझा डबा उचलून निघाले. पारूबाईनं पोरीच्या तापाचं मालकांच्या कानावर घातलं हुतं, ते म्हणालं, "बारावा कोण करणार? पोरीला डाक्टरकडं ने आन् उद्या ये." त्येवढं त्येंचं चांगलं म्हणायचं.

बारावा कोर मी दीड दिवस भाजला. मिस्त्री म्हणालं, "तूच वाजव." मी वाजवला. मला सात येळा वाजवूनबी धीर येईना.

मला ठेवलं, पर मिस्त्रींना ठेवलं न्हाय. सगळ्यांदेखत मालकांचं तोंड उतरलं हुतं, ते त्येंच्या मनातनं गेलं न्हाय. दिवाळी झाली आन् सांगितलं, वय झालं, आता घरी बसा. मिस्त्रींनी हात धुतलं, पिशवी घेतली. मी रडायच्या बेतात. म्हणालं, "मुंबईनं काढलं तवा रडलो न्हाय, तर ही शिरोली केवढी! आता सगळ्यांचे कोर तू वाजवायचेस. कुणाचा हाय ते बघायचं न्हाय. माझ्यागत करू नगंस."

एकोणीस वर्सं वाजवले. बाया मला कडू म्हातारी म्हणायच्या. म्हणू देत. ज्या बाईचं पोरगं आजारी तिला मी घरला धाडायची आन् तिची भट्टी मी बघायची, पर कच्चा कोर म्होरं गेला न्हाय.

आता माझी नात मुंबईला कामाला हाय. खाडीवरनं केवढा लांब पूल झालाय, त्येच्यावरनं जाताना ती मला फोनवर दावती. किनाऱ्यानं पाण्यात भर टाकून रस्ताबी केलाय म्हणं. अजून मुजवत्यातच. मी म्हटलं, "खाली जहाजं लागत्यात तितलं खुंटं दाव." ती म्हणाली, "आज्जी, येवढ्या वरनं खुंटं कुठलं दिसायचं!"

मिस्त्री गेल्याचं मला उशिरा कळलं. दिवसकार्य होऊन गेलतं. यष्टीनं निपाणी, तितनं वडापच्या जीपनं त्येंच्या गावाला गेले. घरात त्येंची बायको, कंबरंत वाकलेली, पर नजर तेज. मी म्हटलं, "शिरोलीची शेवंता." तिनं मला खालवर बघितलं.

"तू ती व्हय? घण घातल्याली?"

"व्हय."

"लई येळा सांगायचं. गडी नुसतं बघत हुतं, एक बाई उठली म्हणायचं."

मी इचारलं, "आक्का, कच्चा कोर कुणी काढलता ते न्हाय सांगितलं?"

"मी इचारलंतं. म्हणालं, ते तुला काय करायचंय."

येवढी वर्सं. घरच्या माणसालाबी न्हाय. मी तितंच मांडी घातली. म्हटलं, "मग आता माझ्याकडनं ऐका." आन् सगळं सांगितलं, पोरीचा ताप, भट्टीचं दार, माझी जीभ हालली न्हाय तेबी. काय ठेवलं न्हाय.

तिनं शेवटपतूर ऐकलं. पदरानं तोंड पुसलं.

"मोडलास न्हवं?" म्हणाली.

"मोडला."

"मग झालं की," म्हणाली, आन् भिंतीला धरून उठली, माझं ताट वाढायला.