समुद्रावर नेलेला झेंडू

मखमलाबादच्या नवसाबाईंनी उभ्या जन्मात देवासाठी कधी फूल विकत घेतलं नाही. घरचाच झेंडू. पहाटे त्यांनी खुडायचा आणि मालकांनी, म्हणजे गोटीरामांनी, नाशिकच्या फुलबाजारात न्यायचा, असा संसार झाला. दरसाल चांगली भरलेली फुलं गोटीराम झाडावरच वाळू देत आणि बियाण्यासाठी फडक्यात बांधून ठेवत. एकदा नवसाबाईंनी निर्माल्य समजून तसलं वाळकं फूल नदीत सोडलं, तर ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "अगं, जितं असतं ते."

गेल्या साली गोटीराम गेले. अस्थी रामकुंडात सोडल्या. गोदामाई पुढे बंगालच्या उपसागराला मिळते, हे नवसाबाईंनी कीर्तनात ऐकलं होतं. म्हणून लेकाने, योगेशने, सासू-सुनेला अंदमानच्या सहलीला पाठवायचं काढलं तेव्हा कुठेही यायला नाही म्हणणाऱ्या बाई लगेच तयार झाल्या. मालकांनी हातानं राखलेलं शेवटचं फूल त्यांनी रुमालात बांधलं. तिथल्या पाण्यात ते सोडायचं आणि त्यांना निरोप द्यायचा, एवढीच इच्छा. सून शुभांगी सोबत होती, तिलाच ती ठाऊक.

तिथे एके दिवशी जंगल आणि मग किनारा असा बेत होता. वाटाड्या ललित निघाला नाशिककडच्याच नांदगावचा.

"मावशी, मखमलाबाद म्हणजे आपल्या घरचंच की! पण नियम सगळ्यांना एकच हां. इथलं पान न्यायचं नाय, बाहेरचं बी-बियाणं टाकायचं नाय. परकं रोप माजलं की इथलं मरतं."

नवसाबाईंचा हात कनवटीला खोचलेल्या रुमालाकडे गेला. शुभांगीने ते पाहिलं.

आत गारवा होता, ऊन वरच अडलं होतं. झाडांची मुळं भिंतीसारखी उभी. एक भला मोठा बुंधा आडवा पडून कुजला होता आणि त्याच्या पाठीवर कोवळी रोपं दाटीनं उभी होती. नवसाबाई तिथे थांबल्या आणि त्यांनी हात जोडले.

"आई, इथं कुठं देव आहे?" शुभांगीने हळूच विचारलं.

"मग हे कोण करतंय?"

दुपार कलताना किनारा आला. पाणी इतकं शांत, की नवसाबाईंना भरून आलं.

"ललित, गोदामाई ह्याच समुद्राला मिळते ना रे?"

"ह्याच की. लांब तिकडं, पण समुद्र हाच."

त्या काठाशी वाकल्या आणि त्यांनी रुमालाची गाठ सोडली. ललित धावत आला.

"मावशी, बी हाय त्यात! काठाला लागलं, रुजलं तर?"

"आमच्या मालकांचं हाय. एवढ्या समुद्राला एक फूल जड होतं का रे?"

"दादा, जाऊ द्या ना," शुभांगी म्हणाली. "ह्याचसाठी आल्यात त्या."

ललित घुटमळला. मग त्याने समुद्राकडे पाठ केली. "मी काय पाहिलं नाय. तुमचं तुम्ही ठरवा."

आता अडवणारं कोणी नव्हतं. फूल तळव्यावर होतं, बोटं मात्र सुटेनात. कुजल्या बुंध्यावरची ती रोपं डोळ्यांपुढून हलेनात. निरोपाला म्हणून त्यांनी नेमकं तेच आणलं होतं, ज्याच्यासाठी मालक दोन दिवस अबोल राहिले होते.

"परत तेच करत होते मी, बघा," त्या पाण्याकडे पाहून म्हणाल्या. "रागवू नका."

फूल त्यांनी रुमालासकट शुभांगीच्या हाती दिलं. ओंजळभर खारं पाणी उचललं, गोटीरामांचं नाव घेतलं, एरवी कधी न घेतलेलं, आणि पाणी पाण्यात सोडलं. मग बराच वेळ त्या रडल्या. शुभांगीने त्यांना रडू दिलं.

बसमध्ये त्यांनी रुमाल मागून घेतला. एका कडेला ओल लागली होती. फूल उकलून त्यांनी काळं बारीक बी पदरावर पसरलं आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे पदर धरून बसल्या.

"गावी पोचल्यावर आधी वाफा कर," त्या सुनेला म्हणाल्या.