चारनंतरचं शून्य

सकाळी नांदेडकडे जमीन हादरली. लातुरात आमच्या मांडणीवरची ताटं जरा वाजली, बाकी काही नाही. पण आईनं माझ्या तान्ह्या मुलीला झोळीतून उचललं आणि ती थेट अंगणातल्या कडुलिंबाखाली बाजेवर जाऊन बसली. आई किल्लारीकडची. तिचा धाकटा भाऊ भूकंपात गेला, इतकंच आम्हांला ठाऊक.

नांदेडच्या एका बातम्यांच्या वेबसाइटवरचं भूकंपाचं पान मीच करून दिलंय. भूकंपमापन केंद्राकडून आकडा येतो ३.९६२७ असा, लांब शेपटीचा. त्यातले दोनच सार्थ अंक ठेवायचे, म्हणजे ४.०. पण कोडच्या पुढच्या ओळीत त्याचा पुन्हा साधा आकडा होत होता, त्यामुळे शून्य गळून पडद्यावर नुसताच ४ गेला. लगेच वेबसाइटवाल्यांचा फोन.

"लोक विचारून राहिलेत, चार म्हंजे अंदाजानं टाकलं का?"

मी चरफडत ओळ दुरुस्त केली. ते शून्य मला आवडतं. इथपर्यंत मोजलंय, पुढचं माहीत नाही, हे ते सरळ सांगतं.

दुपारी ऊन रणरणायला लागलं. मुलीच्या मानेवर घामोळं उठलं, तिची किरकिर थांबेना. "आता तुम्हीच सांगा आईंना," बायको म्हणाली. मी लॅपटॉप घेऊनच बाहेर गेलो.

"आई, हे बघ. धड चारसुद्धा नव्हता. तीन पॉइंट नऊ सहा." दोन अंकांचा माझा नियम मी सोयीपुरता गुंडाळून ठेवला. "लहान होता, आणि लांब. चल आत."

तिनं पदरानं नातीची मान टिपली.

"तवाबी आधी बारकेच धक्के बसायचे. आम्ही समदे बाहेर निजायचो. भाऊ तापला व्हता, बाहेर गारठ्यानं कुडकुडायचा. मग बानं पेपरातला आकडा वाचून दाखवला. म्हणला, लई बारका हाय, काय होत न्हाई. पोराला आत निजवा."

ती पदरानं नातीला वारा घालू लागली. मी लॅपटॉप मिटला. सकाळपासून पहिल्यांदाच मला भीती वाटली.

आतून टेबलफॅन आणला, खिडकीतून वायर ओढली, चादर ओली करून बाजेच्या उन्हाकडच्या बाजूला बांधली. बायको दारात उभी राहून सगळं बघत होती.

"असं किती दिवस?" तिनं विचारलं.

माझ्याकडे सांगायला आकडा नव्हता.